अल्पारंभाचा दिवस आणि हातातला ओळंबा

चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका तरुण सेवकाने मला पत्र लिहिले आहे. त्यांचे वडील आयुष्यभर दुसऱ्याच्या केळीच्या बागेत रोजंदारीवर राबले, आईने कापूस वेचून त्यांना बायबल प्रशिक्षणाला पाठवले, आणि आता दोन वर्षांपासून ते स्वतःच्या घराच्या पडवीत रविवारची उपासना घेतात. उपासनेला अकरा माणसे येतात, त्यांत चार मुले. दोन वर्षांपूर्वीही अकराच येत होती. पडवीच्या भिंतीवर कुणीतरी भेट दिलेली दिनदर्शिका टांगलेली आहे आणि तिच्यावर ईयोबाच्या पुस्तकातील आठव्या अध्यायाचे सातवे वचन छापले आहे, आरंभ अल्प असला तरी शेवट फार मोठा होईल अशा अर्थाचे. त्यांचा प्रश्न असा आहे की, देव खरोखर लहानातून मोठे घडवतो, की गरिबाचे समाधान व्हावे म्हणून आपण तसे म्हणत आलो आहोत? मंडळीतल्या एक आजी जुने दिवस आठवून दर रविवारी रडतात, त्यांना काय सांगावे, हेही त्यांनी विचारले आहे.

प्रिय बंधू, खानदेशात पाळक म्हणून तीस वर्षे काढल्यावर मी याचे उत्तर 'होय, घडवतो' असेच देईन. परंतु त्या दिनदर्शिकेवरच्या वचनाच्या आधाराने देणार नाही, आणि आपण बहुतेक जण 'मोठे' या शब्दाचा जो अर्थ घेतो त्या अर्थानेही देणार नाही. म्हणून आधी त्या वचनाकडेच वळतो, कारण तुमच्या मनातली बोच मला तिथूनच आलेली दिसते.

ते वाक्य पवित्र शास्त्रात आहे हे खरे, पण ते बोलतो कोण? ते बोलतो बिल्दद शूही, ईयोबाच्या तीन मित्रांपैकी एक. ईयोबाची दहाही मुले घर कोसळून मेली आहेत, तो राखेत बसला आहे, आणि त्याच अध्यायाच्या चौथ्या वचनात हा मित्र त्याला सुचवतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून त्यांना तसे फळ मिळाले. त्यानंतर तो तोडगा सांगतो: तू शुद्ध आणि सरळ असशील तर देव तुझी भरभराट करील, आणि तुझा अल्प आरंभ पुढे फार वाढेल. म्हणजे हे आश्वासन एका अटीवर टांगलेले आहे, आणि ती अट दुःखी माणसाच्या जखमेवर मीठ चोळणारी आहे. पुस्तकाच्या शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, परमेश्वर या तिघा मित्रांवर रागावतो आणि त्यांनी आपल्याविषयी यथार्थ भाषण केले नाही असे स्पष्ट सांगतो. ईयोबाची उत्तरावस्था पूर्वीपेक्षा अधिक आशीर्वादित झाली, हेही त्याच अध्यायात आहे. पण ती बिल्ददाच्या हिशेबाने झाली नाही, देवाच्या कृपेने झाली.

हा फरक शाब्दिक नाही. बिल्ददाचा हिशेब मनात धरून बसलेल्या सेवकाला अकराचे अकराच राहिले की वाटू लागते, माझ्यातच काही खोट असली पाहिजे. तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांमध्ये मला हीच भीती दिसली. आजकाल हाच हिशेब मोठ्या व्यासपीठांवरून वेगळ्या कपड्यांत मांडला जातो: इतके अर्पण पेरा, इतक्या पटीने कापणी करा. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसांपुढे असे बोलणे हे मला सुवार्तेपेक्षा सावकारीच्या जवळचे वाटते. ती दिनदर्शिका भिंतीवर राहू द्या, तारखा पाहायला उपयोगी पडेल.

तुमच्या प्रश्नाचे खरे वचन जखऱ्याच्या चौथ्या अध्यायात आहे. अल्पारंभाचा दिवस कोणी तुच्छ लेखला आहे, असे तिथे विचारले आहे, आणि हा प्रश्न बिल्ददाचा नाही, परमेश्वराकडून आलेल्या संदेशातला आहे. त्याची पार्श्वभूमी थोडी सविस्तर सांगतो, कारण ती तुमच्या पडवीशी फार जुळते. बाबेलच्या बंदिवासातून परत जाण्याची परवानगी पारसाच्या कोरेश राजाने यहुदी लोकांना इ.स.पू. ५३८ मध्ये दिली. परतलेल्या लोकांनी यरुशलेमेत मंदिराचा पाया घातला, आणि एज्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे की त्या दिवशी पुष्कळ जण जयघोष करत होते, तर शलमोनाचे पूर्वीचे मंदिर ज्यांनी डोळ्यांनी पाहिले होते ते वृद्ध मोठ्याने रडत होते, आणि दुरून ऐकणाऱ्याला जयघोष कोणता आणि रडणे कोणते हे ओळखता येत नव्हते. पुढे विरोध झाला, राजदरबारी तक्रारी गेल्या, लोकही आपापल्या घरादाराच्या मागे लागले, आणि सुमारे सोळा वर्षे काम बंद पडले. सोळा वर्षे नुसता पाया, त्यात वाढलेले गवत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची थट्टा. इ.स.पू. ५२० मध्ये, दारयावेश राजाच्या दुसऱ्या वर्षी, हाग्गय आणि जखऱ्या हे संदेष्टे उभे राहिले आणि काम पुन्हा सुरू झाले. 'बलाने नव्हे, पराक्रमाने नव्हे, तर माझ्या आत्म्याने' हे तुमचे आमचे पाठ असलेले वचन याच प्रसंगातले आहे.

आता ज्या तपशिलावरून पुष्कळ प्रवचने घाईने पुढे जातात तिथे जरा थांबा. अल्पारंभाला तुच्छ मानणाऱ्यांना आनंद कशाने होईल असे तिथे म्हटले आहे? भिंती उंच झाल्या म्हणून नाही, गर्दी जमली म्हणूनही नाही. मंदिराचे काम चालवणाऱ्या जरूब्बाबेलाच्या हातात ओळंबा पाहून.

ओळंबा तुम्ही पाहिलेला आहेच. दोरीला लावलेला पितळी लोळा आणि वर लाकडाचा गुटका. गुटका भिंतीला टेकवायचा, लोळा खाली सोडायचा आणि तो डुलायचा थांबेपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे. आमच्या मंडळीचे दोन खोल्यांचे घर बांधले जात होते तेव्हा धरणगावकडचे एक वयस्कर गवंडी आले होते. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत त्यांनी विटांचा एकच थर लावला. चारही कोपऱ्यांवर काटकोन तपासला, पाणसळ धरली, सूत बांधले, एक वीट काढली, परत बसवली. दुसरा थर चढला तसा कोपऱ्यांवर ओळंबा सोडू लागले. मी तरुण होतो, मजुरीचा हिशेब माझ्याकडे होता, आणि मी म्हटले, "आप्पा, एवढ्या वेळात चार थर झाले असते." त्यांनी लोळ्यावरची नजर न काढता उत्तर दिले, "पाळकसाहेब, आठे सूतभर चुकनं ते वर वीतभर दिखस." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खाली सूतभर चूक राहिली तर वर ती वीतभर दिसते.

त्या दिवसापासून मी जखऱ्याचा चौथा अध्याय वेगळ्या डोळ्यांनी वाचतो. लहान आरंभ हा मोठे होईपर्यंत कसाबसा ढकलायचा काळ नव्हे. भिंत सरळ करता येते ती याच काळात. मंडळी तीनशेची झाल्यावर तुम्हाला प्रत्येक घरातले भांडण ठाऊक असणार नाही. आज अकरा जणांत कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या घरी सावकाराचा माणूस येऊन गेला, कोणत्या मुलाला वाचताना जोडाक्षरे अडतात, हे तुम्हाला माहीत असते. अर्पणाची दीडशे रुपयांची पेटी दोघांच्या समोर मोजून वहीत लिहिण्याची सवय आज लागली नाही तर दीड लाखाच्या वेळी ती लागणार नाही, आणि कितीतरी मंडळ्या इथेच कलल्या आहेत.

हे मी शहाणपणाने बोलत नाही, ठेच लागल्यानंतर बोलतो. माझ्या पहिल्या नेमणुकीत उपासनेला सव्वीस माणसे यायची. वर्षअखेरीच्या अहवालात मी चाळीस लिहिले. कोणी मागितले नव्हते, कोणी दबाव आणला नव्हता. शेजारच्या तालुक्यातल्या सोबत्याने साठ लिहिले होते एवढेच. मग ते चाळीस खरे करून दाखवण्यासाठी मी उसने पैसे घेऊन तीन दिवसांची सभा भरवली, मंडप घातला, भोंगे लावले, बाहेरून वक्ते आणले. पटांगण भरले. चौथ्या रविवारी सतरंजीवर पुन्हा तेच सव्वीस जण बसले होते, आणि ते कर्ज मी पगारातून दीड वर्ष फेडले. त्या दीड वर्षात माझ्या पत्नीने घरी दूध घेणे बंद केले होते, हे मला फार उशिरा कळले. यिर्मयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात बारूख लेखकाला विचारले आहे की तू आपणासाठी मोठाल्या गोष्टींची वांच्छा करतोस काय? करू नको. हा अध्याय पाच वचनांचा आहे, आणि नव्या सेवकाने तो नेमणूकपत्राला टाचून ठेवावा असे माझे मत आहे.

आता 'मोठे' म्हणजे काय, ते पाहू. प्रभू येशूने मोहरीच्या दाण्याचा दाखला दिला: देवाचे राज्य त्या बारीक दाण्यासारखे आहे, तो पेरला की इतका वाढतो की पक्षी त्याच्या सावलीत राहतात. तो आपल्या शेतकऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. पण खानदेशातला शेतकरी एक शंका घेतो आणि ती रास्त आहे: मोहरीचे कधी झाड होते का? आपल्याकडची मोहरी छातीपर्यंत येते. पॅलेस्टाईनमधली काळी मोहरी आठ-दहा फुटांपर्यंत वाढते, तरीही ती भाजीपाल्याच्या जातीचीच. मार्कानेही तिला 'सर्व पाल्यांमध्ये मोठी' म्हटले आहे, वनस्पतींचा राजा म्हटलेले नाही. ऐकणाऱ्या यहुदी माणसाला मात्र यहेज्केलाचा सतरावा अध्याय आठवला असणार. तिथे परमेश्वर उंच डोंगरावर गंधसरूची कोवळी डहाळी लावतो, तिचा भव्य वृक्ष होतो आणि सर्व प्रकारचे पक्षी त्याच्या सावलीत राहतात. प्रभूने पक्षी तिथून घेतले आणि गंधसरू मात्र सोडून दिला. भव्य वृक्षाच्या जागी त्याने परसातली मोहरी ठेवली. राज्याचे मोठेपण उंचीत मोजायचे नाही, त्याच्या फांदीवर कोणाला टेकता येते यात मोजायचे, असा मी त्याचा अर्थ लावतो, आणि मार्काच्या दहाव्या अध्यायात जो मोठा होऊ पाहतो त्याने सेवक व्हावे असे जे सांगितले आहे त्याच्याशी तो जुळतो.

तुमच्या पडवीत टेकायला कोण येते? पत्राच्या शेवटी तुम्ही ओघात लिहिले आहे की दारूच्या पायी घर सुटलेली एक बाई तिच्या दोन मुलांसह रविवारी तुमच्याकडेच जेवते. ते तुम्ही ओघात का लिहिले?

केवळ शास्त्रातलेच दाखले दिले तर 'ते दिवस वेगळे होते' असे कोणी म्हणेल, म्हणून आपल्या महाराष्ट्रातला एक दाखला देतो. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले. उरलेल्या भावासोबत वणवण करत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, आणि कडेवर लहान मुलगी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुलींवर. त्या पहिल्या मुलींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. तीच पुढे आनंदीबाई कर्वे झाली, धोंडो केशव कर्वे यांची पत्नी, आणि कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या कामात तिने पायपीट करून वर्गण्या गोळा केल्या. रमाबाईंनी केडगावला उभे केलेले मुक्ती सदन सर्वांना ठाऊक आहे. मला मात्र त्यांचे शेवटचे काम अधिक विचार करायला लावते. इब्री आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणले, आणि ते केडगावच्या छापखान्यात सदनातल्या स्त्रियांनीच जुळवले, छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले आणि ते शास्त्र बाहेर पडले १९२४ मध्ये. बांधलेली प्रत त्यांनी हातात घेतली नाही.

विल्यम कॅरीविषयी थोडक्यात सांगतो. हा जोडे शिवणारा इंग्रज १७९३ मध्ये बंगालमध्ये उतरला, आणि पहिला बाप्तिस्मा झाला डिसेंबर १८०० मध्ये, सात वर्षांनी. तुमची दोनच झाली आहेत. त्याच माणसाने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८११ मध्ये मराठी नवा करार छापला, आणि हे सर्व बंगालमधल्या श्रीरामपुरात, महाराष्ट्रात पाऊल न टाकता.

लावणारा एक आणि खाणारा दुसरा, ही गोष्ट तुमच्या वडिलांना माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. केळीचा कंद मातीत गेला की काही आठवडे वर काही दिसत नाही. मग तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने येतात, वर्षभराच्या मेहनतीने घड पडतो, आणि एक घड दिला की ते झाड कापावे लागते. बाग पुढे चालते ती बुंध्याशी राखलेल्या पिलावर. वडिलांना एकदा उपासनेत उभे करून पीलबाग कशी राखतात ते सांगायला लावा; आयुष्यभर मजुरी केलेल्या माणसाला मंडळीत शिकवणारा म्हणून उभे राहिलेले मुलांनीही पाहावे.

अभिषेक झाल्यानंतर दावीद कुठे गेला हे तुमच्या लक्षात आले आहे का? शमुवेलाने इशायाच्या सात मुलांना बाजूला सारून आठव्याच्या डोक्यावर तेल ओतले, आणि त्याच अध्यायात थोडे पुढे शौल राजाचे दूत येतात तेव्हा तो पुन्हा मेंढरांकडेच आहे. राजा झाला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. मधल्या वर्षांत पळणे, लपणे आणि गुहा होत्या. पाच भाकरींचा दाखला मी मुद्दाम देत नाही, तो तुम्ही प्रशिक्षणात शंभरदा ऐकला असेल.

एक इशारा मात्र देणे भाग आहे. लहानपणाचाही गर्व होऊ शकतो. 'आम्ही थोडे पण खरे' असे म्हणत वीस वर्षे दार लावून बसलेल्या मंडळ्या मी पाहिल्या आहेत. अकरा ही संख्या पवित्र नाही. घरभेटी होत नसतील, शनिवारी रात्री मोबाईलवर दुसऱ्याचे प्रवचन ऐकून रविवारी तेच बोलले जात असेल, आजाऱ्याकडे जायला चार दिवस लागत असतील, तर न वाढण्याचे कारण देवाच्या गूढ योजनेत शोधू नये. तुमच्या पत्रावरून तसे वाटत नाही, पण हे तपासायचे काम तुमचे आहे, माझे नाही. त्यासाठी दोन महिने एक साधी वही ठेवा. संख्या लिहू नका, नावे लिहा, आणि प्रत्येक नावापुढे त्या आठवड्यात त्या माणसासाठी तुम्ही काय केले ते लिहा. ज्या नावापुढची जागा सलग तीन आठवडे कोरी राहील त्या घरी आधी जा. आणि या अकरा जणांना कधीही असे वचन देऊ नका की एक दिवस आपण हजार होऊ आणि आपले मोठे चर्च होईल. तसे होईलही, पण ते देवाने तुम्हाला सांगितलेले नाही.

आता त्या आजींविषयी. त्यांना गप्प करू नका. जुन्या दिवसांत मिशनचे शाळा-दवाखाने होते, नाताळला बैलगाड्या भरून माणसे यायची, असे त्या सांगत असतील तर ते खोटे नाही. एज्राच्या तिसऱ्या अध्यायात रडणाऱ्या म्हाताऱ्यांना कोणीही दटावलेले नाही. हाग्गयही त्यांचे दुःख नाकारत नाही. हे मंदिर तुमच्या दृष्टीने शून्यवत नाही काय, असे तो स्वतःच विचारतो आणि मग म्हणतो की या मंदिराचे पुढचे वैभव पहिल्यापेक्षा मोठे होईल. ते मंदिर इ.स.पू. ५१६ च्या सुमारास पुरे झाले, पुढे हेरोदाने वाढवले, आणि पाया घातल्याला पाचशेहून अधिक वर्षे लोटल्यावर एका दिवशी एक सुतार आणि त्याची बायको चाळीस दिवसांचे बाळ घेऊन त्यात आली. मेंढरू परवडत नसलेल्यांसाठी लेवीय पुस्तकात जी सवलत आहे, दोन होले किंवा पारव्याची दोन पिले, तेच त्यांचे अर्पण होते. गर्दीतल्या कोणाचे लक्ष गेले नाही. ज्या दोघांनी ओळखले त्यांतली एक, हन्ना, चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा होती आणि मंदिर सोडून कुठे जात नसे. पाया पाहून रडलेल्या म्हाताऱ्यांपैकी कोणीही हा दिवस पाहिला नाही.

पोळ्यानंतरच्या रविवारी मी चोपड्याहून सकाळच्या एस.टी.ने तुमच्याकडे येतो. प्रवचन मी देणार नाही, ते तुम्हीच द्या. त्या चार मुलांपैकी ज्याला सर्वांत नीट वाचता येते त्याच्याकडून एज्राचा तिसरा अध्याय आधी दोन-तीनदा वाचवून घ्या, नावे अवघड आहेत. आजींना पुढे, माझ्या शेजारी बसवा. त्या रडू लागल्या तरी वाचन थांबवू नका.